दुसऱ्या कुणाच्या मापाची रायफल

१

रविवारची प्रार्थना आटोपली की हिंटरआइख गावची माणसं चर्चच्या पायऱ्यांवरूनच दोन वाटांना लागत. निम्मी खानावळीत बिअरकडे, निम्मी नेमबाजी मंडळाच्या तळघराकडे. झेन्टा हिर्नाइस तिशीपासून तळघराकडे वळत आली होती आणि आता तिला बावन्नावं लागलं होतं. आठवडाभर भिंगांच्या कारखान्यात काच घासायची आणि रविवारी पोटावर पडून पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची, हा तिचा शिरस्ता. त्या कागदावरचं दहा गुणांचं वर्तुळ करंगळीच्या नखाएवढं असतं. दहातल्या नऊ गोळ्या झेन्टा त्या नखात बसवायची.

राग तिच्या नाकावर असतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नवरा त्या रागाला कंटाळून गेला, असं लोक म्हणत. नवरा मुळातच पळपुटा होता, असं झेन्टा म्हणे. पण रायफलीला गाल लावला की तिचा राग उतरायचा. आठवड्यातला तेवढाच अर्धा तास तिला स्वतःचा सहवास बरा वाटायचा.

पॉइंट बावीस बोअरची ही रायफल नुसती उचलून मारायची वस्तू नव्हे. ती अंगरख्यासारखी अंगाला बेतावी लागते. गाल टेकायची पट्टी वरखाली होते, खांद्याला लागणारी बटाची, म्हणजे दस्त्याची, पट्टी मागेपुढे होते, डाव्या पंजाला रोखणारा अडसर नळीखालच्या खाचेत सरकतो. तिन्हीवर मिलिमीटरच्या रेघा असतात. झेन्टाची मापं अकरा वर्षं तीच होती: गाल चार, बट सात, अडसर एकतीस.

त्या रविवारी बट सहावर होतं.

तिनं ते सातवर आणलं, स्क्रू आवळला आणि मनातल्या मनात स्वतःला शिवी घातली. शेजारच्या नेमाच्या गल्लीतून मंडळाचा प्रमुख गेबहार्ड ओरडला, “काय गं, बंदुकीशी पण भांडण काढलंस का?”

“तू तुझ्या गोळ्या मोज,” झेन्टा म्हणाली. “तेवढ्या तरी धड मोजता येतात का बघू.”

२

पुढच्या रविवारी बट पाचवर होतं आणि अडसर तेहतीसवर.

झेन्टाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रू आपोआप सैल होतो, हे ती समजू शकत होती. पण सैल झालेला स्क्रू पट्टी सरकल्यावर पुन्हा आवळून बसत नाही. हे दोन्ही करकचून आवळलेले होते.

घरात माणसं दोनच. ती आणि तिची चोवीस वर्षांची मुलगी आफ्रा. आफ्रा तालुक्याच्या बेकरीत पहाटपाळी करायची, मंडळाच्या दुसऱ्या संघातून खेळायची आणि आईपेक्षा बरी नेमबाज होईल असं सगळे म्हणायचे. सगळ्यांत जास्त झेन्टाच म्हणायची, फक्त तिच्या तोंडावर कधी नाही.

“माझ्या रायफलीला हात कुणी लावला?” स्वयंपाकघरात पाऊल टाकता टाकताच तिनं विचारलं.

आफ्रा कोपऱ्यातल्या बाकावर, क्रुसाच्या खाली, आपल्या नेहमीच्या जागी बसून सूप पीत होती. “मी नाही.”

“मग मांजरानं लावला?”

“आई, माझी स्वतःची रायफल आहे. मंडळात ठेवलेली आहे. तुझ्या त्या म्हातारीला मी कशाला हात लावू?”

“म्हातारी म्हणू नकोस तिला!”

“बरं, आजीबाई म्हणते.” आफ्रा हसली. हसायला नको होतं.

या भांडणाला एक काटा होता. इथला कायदा कडक. शस्त्राच्या कपाटाची किल्ली परवाना ज्याचा त्याच्याकडेच असली पाहिजे, घरातल्या दुसऱ्या कुणाला ती कुठं असते हे कळताही कामा नये. झेन्टाची किल्ली शिवणाच्या डब्यात असायची आणि लहानपणापासून त्या डब्यातली बटणं घेऊन खेळलेल्या आफ्राला ते ठाऊक नसणं शक्य नव्हतं. कपाटात कुणी हात घालतंय, हे परवान्याच्या कचेरीत नुसतं बोलून दाखवलं असतं तरी पहिली गदा झेन्टाच्याच परवान्यावर आली असती. म्हणजे तक्रार करायची सोय नाही. राग गिळायचा, आणि गिळलेला राग घरातच ओकायचा.

“खोटं बोलणारं माणूस मला घरात नको,” ती म्हणाली.

आफ्रानं चमचा खाली ठेवला. “तू हे बाबांनाही म्हणाली होतीस. ते खोटं बोलत नव्हते, आई. ते फक्त दमले होते.”

त्याच संध्याकाळी आफ्रा बॅग घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली. झेन्टानं तिला थांबवलं नाही. खिडकीतून गाडीचे लाल दिवे वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली, आणि मग भांडी अशी घासली की एका कपाचा कान तुटला.

३

किल्ली तिनं दोरीत ओवून गळ्यात घातली. आता बघू.

बुधवारी बट तीनवर होतं. अडसर छत्तीसवर.

ती कपाटाचं दार उघडून पुढ्यात उभी राहिली. ते पोलादी कपाट मधल्या बोळात भिंतीला बोल्टांनी ठोकलेलं होतं, समोर स्वयंपाकघराचं दार. उंची छातीएवढी, रुंदी एका खुर्चीएवढी. आत रायफल, जॅकेट, पट्टा. गोळ्या वरच्या वेगळ्या कुलुपाच्या खणात. कुठं ओरखडा नाही, की काही नाही.

आफ्रा घरात नव्हती. किल्ली गळ्यात होती. शहाण्या माणसानं इथं घाबरायला हवं होतं. पण झेन्टाच्या अंगात भीतीला जागाच नव्हती, सगळी जागा रागानं अडवलेली. तिला फक्त एवढंच दिसत होतं, की कुणीतरी तिला मूर्ख बनवतंय आणि वर पोरीला घालवल्याचं खापर तिच्या डोक्यावर फुटलंय. आफ्राला फोन करावा, चुकले म्हणावं, असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा वाटलं, तिनं दुसरी किल्ली करून घेतली असेल. चूक कबूल करण्यापेक्षा झेन्टाला ते पटवून घेणं सोपं गेलं.

शनिवारी दुपारी ती बटाट्याचे गोळे वळत होती. बाहेर बर्फावर लख्ख ऊन. बोळातून आवाज आला.

टक्.

लहानसा, कोरडा आवाज. तो तिनं हजारो वेळा ऐकला होता, पण नेहमी स्वतःच्या बोटांखाली. रायफलीच्या मागच्या टोकाला बारीक भोकाची चकती असते. तिच्यातून बघून नेम धरायचा. ती वर न्यायची तर बाजूची कळ फिरवायची, आणि कळ एकेका खाचेला वाजते.

टक्. टक्. टक्.

पिठाचे हात तसेच घेऊन ती बोळात आली. आवाज थांबला. गळ्यातली किल्ली पिठानं माखली, कुलपात फिरेना. अखेर दार उघडलं. रायफल जागच्या जागी उभी होती, नळी वर. थंडीनं पत्रा आकसतो, लोखंडच ते, वाजणारच, असं ती मोठ्यानं म्हणाली. मग चकतीच्या कळीवरचा आकडा तिनं पाहिला. चकती सहा पूर्ण फेरे वर गेलेली होती.

“तुझ्या आयला!” झेन्टा त्या कपाटावरच ओरडली.

४

तालुक्याचा बंदूकवाला एमेराम प्राम्ल माणसाला बघून रायफल बेतायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचा, पड तिथं चटईवर, आणि नुसत्या नजरेनं आकडे सांगायचा. त्याची फुशारकी अशी, की उलटंही जमतं: आकडे द्या, माणूस काढून दाखवतो. बिअरच्या पैजेवर त्यानं असे कितीतरी जण हुबेहूब काढले होते.

त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेलेल्या झेन्टाला ताकाला जाऊन भांडं लपवावं लागलं. “एक जुनी रायफल विकत मिळतेय,” ती म्हणाली. “आधीच्या मालकाची मापं तशीच आहेत. कसला माणूस असेल?”

“सांग आकडे.”

तिनं सांगितले. एमेरामनं पेन्सिल उचलली, दोन रेघा मारल्या आणि थांबला. “चुकलीस तू. बट इतकं आखूड म्हणजे उजवा हात पोराचा. अडसर इतका पुढं म्हणजे डावा हात ताडमाड. एका अंगाला हे दोन हात बसत नाहीत.”

“मी आकडे चुकत नाही.”

“नाकावरची माशी उडव आधी, मग बोलू.” पण त्यानं कागद पुन्हा ओढला. आता तो हळू काढत होता. “हां. उजवा हात छोटा नाही, आखडलेला आहे. कोपर दुमडायला जागा नाही म्हणून. डावा ताठ आहे, गुडघ्यावरून पुढं काढलेला. म्हणजे गुडघे छातीशी. मान खांद्यात घुसलेली. हा झोपलेला नाही, झेन्टा. उभा पण नाही. बसलाय.”

“कुठं?”

“खोक्यात बसवावं तसा.” चित्र पुरं झालं होतं. एमेराम ते बघून हसला, मग हसू आवरून त्यानं कागदाभोवती सहज एक चौकट ओढली, उंचीला जास्त, रुंदीला कमी. “एवढ्या जागेत मावेल बघ. घेऊ नकोस ही रायफल.”

“का?”

“असं कुणी नेम धरत नाही.” त्यानं कागद चुरगळून टोपलीत टाकला. “आणि मला वाटतं, तू मला सगळं सांगत नाहीयेस.”

“तुझं काम चित्र काढायचं,” झेन्टा म्हणाली आणि दार आपटून निघून आली.

५

रविवारी ती रायफल होती तशीच घेऊन तळघरात उतरली. एकही स्क्रू हलवला नाही. ठेवणाऱ्यानं चकती सहा फेरे वर ठेवलीये ना? मग ती कुठल्या अंतरासाठी, तेवढं कळू दे.

ती पोटावर पडली. बट खांद्याला लागेना, मान अवघडली, पण दात खाऊन तिनं पहिली गोळी झाडली. पन्नास मीटरवरचा कागद कोरा. गोळी वीतभर वरून मागच्या भिंतीत गेली होती. असं होणारच. जवळच्या निशाणासाठी चकती वर घ्यावी लागते, हे पोरंसोरंही जाणतात. पण किती जवळच्या?

तळघरात कागद तारेवरच्या गाड्यावरून ये-जा करतो. तिनं बटण दाबून गाडा अलीकडे घेतला आणि मध्येच थांबवला. तीस मीटर. गोळी कागदाच्या वरच्या कडेला. वीस. खाली आली. दहा. आणखी खाली.

“ए बाई!” गेबहार्ड धावत आला. “गाडा मध्ये थांबवून मारतेस? काय डोकंबिकं फिरलंय? पन्नास मीटरची गल्ली आहे, पन्नासवर मारायचं!”

“पाच मिनिटं गप्प बस.”

“नियम आहेत इथं. उद्या पोरं बघतील आणि...”

“गेबहार्ड, बावीस वर्षांत मी तुझ्याकडं काही मागितलंय का? आज पाच मिनिटं मागतेय.”

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो मागं सरला. झेन्टानं गाडा आणखी अलीकडे घेतला. साडेसहा मीटर. श्वास, नेम, चाप. मग आणखी एक, आणि आणखी एक. तिन्ही गोळ्या नखाएवढ्या वर्तुळाच्या मधोमध एकाच भोकातून गेल्या.

“साडेसहा मीटरवर काय मारायचंय तुला?” गेबहार्डनं विचारलं. “उंदीर?”

झेन्टानं कागद ओढून काढला आणि चुरगळला. संतापानं, असं तिला वाटलं.

६

घरी येऊन तिनं मोजपट्टी काढली. कपाटाच्या मागच्या पत्र्यापासून बोळातून सरळ स्वयंपाकघराच्या दारात, दारातून आत. साडेसहा मीटर भरले ते कोपऱ्यातल्या बाकावर. निळ्या चौकड्यांची उशी. त्या उशीवर गेली वीस वर्षं आफ्राशिवाय कुणी बसलेलं नव्हतं.

तिनं रायफलीचा बोल्ट, गोळी आत सरकवून उडवणारा खटका, काढून घेतला. बोल्टाशिवाय रायफल म्हणजे लोखंडी काठी. तो तिनं स्वयंपाकघराच्या फडताळातल्या खणात, काट्याचमच्यांखाली ठेवला. उद्या रायफल एमेरामकडे टाकायची, हवी तर वितळव म्हणायचं. इथवर ती शहाण्यासारखी वागली.

पण मग पुन्हा माथं भडकलं. माझी रायफल. माझं घर. माझी पोर मी यापायी घालवली, आणि आता रायफलही मीच टाकू? एमेरामच्या चित्रावर तिचा विश्वास नव्हता. माणूस त्या कपाटात मावणं शक्यच नाही. तेवढं एकदा सिद्ध झालं असतं तर बाकीचं सगळं थोतांड ठरलं असतं, आणि थोतांड करणाऱ्या माणसाला शोधून काढणं तिला जमलं असतं.

तिनं जॅकेट, पट्टा बाहेर फेकला. पाठ आत घालून ती खाली बसली. गुडघे छातीशी आले. मान खांद्यात गेली. पत्रा पाठीला बर्फासारखा लागला. रायफल तिनं डाव्या गुडघ्यावरून पुढं घेतली, आणि बट खांद्यात नेमकं बसलं. गाल पट्टीवर टेकला. डावा पंजा अडसराला भिडला. अकरा वर्षांत तिला रायफल इतकी चपखल बसली नव्हती.

नळीच्या टोकावरच्या नेमाच्या कडीत निळी उशी होती.

आणि तेव्हाच मागच्या अंगणाचं दार उघडलं. आफ्रा सरळ स्वयंपाकघरात आली. हातात बेकरीची पिशवी. “आई? बन आणलेत. गरम आहेत.” ती बाकावर बसली, बुटाचे बंद सोडायला वाकली, पुन्हा ताठ झाली. अंधाऱ्या बोळात तिला काही दिसत नव्हतं. “आई, मला भांडायचं नाहीये हं. मी नुसती आलेय.”

झेन्टानं हाक द्यायला हवी होती. आधी हिनं माफी मागावी, असं एक क्षण तिच्या मनात आलं. एकच क्षण. बाबांचं नाव काढलं होतं कार्टीनं. त्या क्षणात कडी आफ्राच्या गळ्याखालच्या चांदीच्या बटणावर ठरली, जरासुद्धा न हलता, आणि झेन्टाला फार बरं वाटलं.

मग तिच्या कानामागं कुणीतरी श्वास घेतला. अर्धा सोडला. उरलेला धरून ठेवला.

चाप दाबण्याआधी प्रत्येक नेमबाज हेच करतो. तिचा स्वतःचा श्वास चालू होता. मागं फक्त पत्रा होता.

तिनं दोन्ही हात सोडले. रायफल पडायला हवी होती. ती तसूभरही खाली आली नाही. अडसरापाशी, जिथून तिचा पंजा नुकताच निघाला होता, तिथं कशाची तरी बोटं होती, फिकट, पेरांना जरा जास्तच लांब, आणि बोल्टाच्या रिकाम्या जागी बोल्ट होता.

“माझ्या पोरीवर?” झेन्टा किंचाळली आणि तिनं सगळं अंग, डोकं, खांदा त्या नळीवर घातलं.

७

बावीसचा बार घरात मोठा वाजत नाही. वाळकी फांदी मोडावी एवढाच. आफ्राच्या कानापासून वीतभरावर बाकामागची लाकडी फळी फुटली.

झेन्टा कपाटातून फरशीवर कोसळली, रायफल तिच्या अंगाखाली. उठून बसेपर्यंत आफ्रा बोळाच्या तोंडाशी आली होती. तिच्या केसांत लाकडाचा भुसा होता. ती आईकडे बघत होती, रायफलीकडे, उघड्या कपाटाकडे.

“आई,” ती म्हणाली. आवाज अगदी लहान मुलीचा. “आई, काय झालं? आत काय आहे?”

आणि ती पुढं निघाली. कपाटाकडे. हीच तर तिची खोड, झेन्टाला ठाऊक होतं. कुठं आवाज झाला की आधी डोकं आत घालून बघणार. आत कुणीतरी आहे असं सांगितलं असतं तर ती बघितल्याशिवाय राहिली नसती. काही नाही म्हटलं असतं तर राहायला आली असती, आईला संभाळायला. उद्या सकाळी पुन्हा त्या उशीवर बसली असती.

झेन्टा उभी राहिली. रायफल हातात घेतली. आयुष्यभराचा जेवढा राग शिल्लक होता तेवढा तिनं गोळा केला. त्याचा एकदा तरी उपयोग व्हायला हवा होता.

“काय झालं म्हणून काय विचारतेस?” ती म्हणाली. “तुझ्यावर झाडली. नेम चुकला.”

“तू असं करणार नाहीस.”

“का नाही? खोटारडी आहेस तू. तुझ्या बापासारखी. ऊठसूट येतेस, माझं घर, माझ्या वस्तू... चालती हो!”

“आई, तू रडतेयस.”

“चालती हो म्हणते ना! परत या घरात पाय ठेवलास तर चुकणार नाही. आणि जाऊन सांग खुशाल पोलिसांना. नेऊ दे सगळं!”

आफ्रा तोंडावर हात ठेवून मागं सरली. आधी एक पाऊल, मग दोन. मग ती वळली आणि एका बुटाचा बंद सुटलेला तशीच धावत गेली. अंगणाचं दार. गाडीचं दार. इंजिन दोनदा कुरकुरलं, मग लागलं. झेन्टा आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहिली. पोर पोलिसांना फोन करील. पंचवीस मिनिटांत ते येतील, रायफल नेतील, परवाना नेतील, तिलाही नेतील. गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आफ्रा पुन्हा कधी आई म्हणणार नाही. पण ती जिवंत असेल.

झेन्टानं बोल्ट ओढून काढला आणि खिडकीतून बर्फात भिरकावला. रायफल बोळात टाकली. ती स्वयंपाकघरात गेली, बनांची पिशवी बाजूला केली आणि निळ्या उशीवर, कपाटाकडे तोंड करून बसली.

कपाटाचं दार उघडं होतं आणि आत अंधार होता. बोळात टाकलेली रायफल जागेवर नव्हती.

“हं,” झेन्टा म्हणाली. “आता माझ्याकडे बघ.”